साधी असती तर घरात बसली असती

सदाशिव पेठेतल्या एका लॅबच्या खिडकीपाशी, संध्याकाळी रिपोर्टांचे लिफाफे वाटायच्या वेळेला, एक मुलगी आईला रिपोर्ट वाचून दाखवत होती. मुलगी विशीतली, पाठीला लॅपटॉपची सॅक. आई पन्नाशीच्या अलीकडची, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून सीटी स्कॅनच्या फिल्मचं निळं-काळं टोक बाहेर डोकावणारं. मुलीने मधला सगळा मजकूर ओलांडून थेट शेवटची ओळ गाठली. सगळे तेच करतात. 'बिनाइन' हा शब्द तिने मोठ्याने वाचला आणि श्वास सोडला. पुढचा शब्द होता 'मेटास्टसायझिंग'. तिथे ती अडली. फोन काढला, काहीतरी शोधलं, फोन परत खिशात टाकला. "साधी आहे ना गं?" आईने विचारलं. "साधीच आहे, पण पसरलीय म्हणे." आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "साधी असती तर घरात बसली असती."

खिडकीतला माणूस हसला नाही. मराठीत डॉक्टर आणि पेशंट यांच्यात ठरलेले दोनच शब्द आहेत: 'साधी गाठ' आणि 'ती गाठ'. सौम्य, मारक, दुर्दम वगैरे मंडळी कोशात आणि सरकारी पत्रकांत राहतात. ओपीडीच्या बाकावर 'साधी' एवढंच चालतं. साधी म्हणजे जिथे उगवली तिथेच वाढणारी, शेजाऱ्याला ढकलेल पण त्याच्या घरात घुसणार नाही, काढून टाकली की विषय संपला. घरात बसणं हा त्या व्याख्येचाच भाग आहे. बाईच्या साधेपणाची जी व्याख्या आजीच्या पिढीपर्यंत बिनबोभाट चालली, तीच आपण गाठीला लावून ठेवली आहे. आणि ही गाठ नेमकी ती मोडते. गर्भाशयात जन्मते, दहा-पंधरा वर्षांनी फुफ्फुसात सापडते, आणि तिथेही वागते साधीच.

बिनाइन मेटास्टसायझिंग लायोमायोमा, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी, तरी पसरणारी गाठ. नावातच भांडण आहे.

ती सापडते सहसा दुसरंच काही शोधताना. पित्ताशयाचे खडे काढायचे असतात, भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे होतो आणि दोन्ही फुफ्फुसांत गोल सावल्या दिसतात. सीटीवर त्या आणखी स्पष्ट होतात: काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंतच्या, कडा गुळगुळीत, कुणी ओल्या भिंतीवर बोटाने ठिपके दाबावेत तशा विखुरलेल्या. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. आपल्याकडे फुफ्फुसात ठिपके म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही, कारण दहातल्या नऊ वेळा आपल्या देशात तीच शंका घेणं शहाणपणाचं असतं. दुसरा संशय कुठल्यातरी लपलेल्या कॅन्सरचा. मग सगळं शरीर धुंडाळलं जातं: स्तन, थायरॉइड, आतडी, मूत्रपिंडं. कुठेच काही मिळत नाही. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर दोन महिन्यांनी पुन्हा काढलेल्या स्कॅनमध्ये ठिपके जिथल्या तिथे, जेवढ्यास तेवढे. बरेही होत नाहीत, वाढतही नाहीत. हा थंडपणा हीच खरी खूण, पण ती वाचायला वेळ जावा लागतो.

मग कुणीतरी विचारतं, "आधी काही ऑपरेशन?" उत्तर येतं, "नाही." खोटं बोलायचं म्हणून नव्हे. 'पिशवी काढणं' हे पुष्कळ बायकांच्या हिशेबात ऑपरेशन नसतंच. ते बाळंतपणासारखं, दाढ काढण्यासारखं, बाईच्या वाट्याला येणारं एक काम असतं. नेमकं विचारावं लागतं: पिशवी काढलीय का, कधी, कशासाठी, अंडाशयं ठेवली होती का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकींना ठाऊक नसतं. पुढे सगळे उपचार त्याच एका उत्तरावर अडतात.

फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातला साधा लायोमायोमा, ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांपैकी सुमारे ७० टक्के आणि काळ्या बायकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींना सोनोग्राफीत फायब्रॉइड दिसेल असा हिशेब निघाला. म्हणजे गाठ असणं हाच जवळजवळ नियम. त्यातल्या असंख्य गाठींपैकी एखादीच फुफ्फुसापर्यंत जाते. १९३९ साली पॉल स्टायनर या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने तशी एक नीट नोंदवली. गर्भाशयात आणि फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली एकच चित्र, आणि ते चित्र अगदी रोजच्या फायब्रॉइडचं. तिथून वाद सुरू झाला आणि तीन तट पडले. एक म्हणत होता, ही मुळात मारकच गाठ होती, आपण ओळखायला चुकलो. दुसरा म्हणे, फुफ्फुसातल्या श्वासनलिकांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मऊ स्नायू असतातच. इस्ट्रोजेनच्या चिथावणीने तिथल्या तिथे गाठी उगवल्या, गर्भाशयाशी त्यांचा संबंध नाही. तिसरा म्हणे, गर्भाशयातलीच गाठ शिरेवाटे वर गेली.

तिसऱ्या तटाच्या बाजूने शरीराचा भूगोल होता. गर्भाशयाच्या शिरा ओटीपोटातल्या मोठ्या शिरेला मिळतात, ती अधोमहाशिरेला, ती हृदयाच्या उजव्या कप्प्याला, आणि तिथून सगळं रक्त फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत. खालून वर जाणाऱ्या रक्ताला लागणारी ही पहिली बारीक गाळणी. साताऱ्याकडून येणारी एस.टी. स्वारगेटला लागल्याशिवाय राहत नाही, तसं. केशवाहिनीचा व्यास जेमतेम एका तांबड्या पेशीएवढा. स्नायूपेशींचा पुंजका तिथे अडकणारच. काही फायब्रॉइड गर्भाशयाच्या शिरांच्या पोकळीत शिरून दोरीसारखे लांबत जातात, क्वचित पार हृदयापर्यंत, हेही ठाऊक होतं. पण मार्ग असणं म्हणजे त्या मार्गाने कुणी गेल्याचा पुरावा नव्हे. त्यासाठी कूळ काढावं लागणार होतं.

ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. पुण्यात मात्र कूळ विचारायचा छंद जुना. पेठांतल्या जुन्या घरांच्या कपाटात कुलवृत्तांताचा जाडजूड ग्रंथ हमखास असतो: मूळ पुरुष कोण, कोणती शाखा कोकणातून कधी घाटावर आली, कोणती इंदूरला गेली, कोणती बडोद्याला. दोन घरांचं आडनाव एकच असलं म्हणून ती एकाच कुळातली ठरत नाहीत. गोत्र, मूळ गाव, शाखा जुळवून पाहावी लागते. गाठींच्या बाबतीतही तसंच. गर्भाशयातली आणि फुफ्फुसातली गाठ दिसायला सारखी, म्हणजे आडनाव एक. प्रश्न कुळाचा आहे.

आणि इथे एक मजा आहे. कुलवृत्तांतात मुलीच्या नावापुढे सासरचं नाव लिहिलं जातं आणि फांदी तिथेच खुंटते. पेशींच्या कुळाचा हा शोध लागला तो मात्र फक्त बायकांमध्येच शक्य असलेल्या एका खुणेमुळे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. दोन्ही एकदम चालत नाहीत. गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी त्यातलं एक मिटवून टाकते. कोणतं, हे नाणेफेकीसारखं. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून हे मांडलं. एकदा मिटवलं की त्या पेशीच्या सगळ्या लेकी-नातींमध्ये तेच मिटलेलं राहतं. म्हणून बाईचं शरीर हे दोन रंगांच्या धाग्यांचं विणकाम असतं: काही पेशींत आईचं एक्स चालू, काहींत वडिलांचं. नेहमीच्या स्नायूचा तुकडा घेतला तर दोन्ही रंग मिळतात. एकाच पेशीपासून वाढलेली गाठ घेतली तर एकच.

ही युक्ती गाठींवर आधी वापरली गेली ती फायब्रॉइडवरच. १९६५ साली लिंडर आणि गार्टलर यांनी एक्सवरच्या एका एन्झाइमचे दोन प्रकार असलेल्या बायकांचे फायब्रॉइड तपासले. प्रत्येक गाठीत एकच प्रकार मिळाला. शेजारच्या निरोगी स्नायूत दोन्ही. म्हणजे प्रत्येक फायब्रॉइड एका पेशीची प्रजा. त्याहून महत्त्वाचं असं की एकाच गर्भाशयातल्या वेगवेगळ्या गाठी वेगवेगळ्या रंगांच्या निघाल्या. एका पिशवीत आठ गाठी म्हणजे एका वाड्यात राहणारी आठ स्वतंत्र बिऱ्हाडं, नातं काही नाही. फुफ्फुसातल्या ठिपक्यांचा प्रश्न यामुळे नेमका झाला: तीही स्वतंत्र बिऱ्हाडं आहेत, की एकाच घरातून बाहेर पडलेली भावंडं?

आजची तपासणी एन्झाइमऐवजी डीएनएवर होते. एक्सवरच्या अँड्रोजेन रिसेप्टरच्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, कुणात १८ वेळा, कुणात २४. बाईच्या दोन एक्सवर ही संख्या बहुधा वेगळी असते, त्यामुळे लांबीवरून दोन्ही ओळखू येतात. गाठीतला डीएनए दोन नळ्यांत विभागायचा. एका नळीत एचपीए-२ नावाचं कात्री-एन्झाइम घालायचं, दुसरी तशीच ठेवायची. हे एन्झाइम सीसीजीजी हा शब्द दिसला की तिथे कापतं, पण त्यावर मिथाइलचा शिक्का असेल तर कापत नाही. मिटलेल्या एक्सवर हा शिक्का असतो, चालू एक्सवर नसतो. म्हणजे चालू एक्स कापलं गेलं, मिटलेलं शाबूत राहिलं. आता पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायची क्रिया, केली की शाबूत राहिलेलंच वाढतं. न कापलेल्या नळीत आलेखावर दोन शिखरं. कापलेल्या नळीतही दोन आली तर पेशी मिसळीच्या, एकच उरलं तर गाठ एका पेशीची. मग फुफ्फुसातल्या प्रत्येक ठिपक्यात आणि जुन्या गर्भाशयाच्या गाठीत तेच शिखर उरतं का, हे पाहायचं.

बिघडण्याच्या जागा पुष्कळ आहेत. कात्री पुरती चालली नाही तर दोन शिखरं उरतात आणि एका पेशीची गाठही मिसळीची वाटते. फुफ्फुसातला ठिपका वाढताना आजूबाजूचे वायुकोश पोटात घेतो. त्या अडकलेल्या पेशी आणि रक्तवाहिन्या डीएनएत आल्या तरी तोच घोटाळा, म्हणून स्लाइडवर खूण करून फक्त स्नायूचा भाग खरवडून घ्यावा लागतो. डीएनए तुटका असला तर लहान तुकडा आधी वाढतो, लांब मागे पडतो, आणि एकच शिखर आल्याचा भास होतो. दहातल्या एखाद्या बाईत दोन्ही एक्सवर सीएजीची संख्याच सारखी निघते, तिथे ही तपासणी मुकी. काही जणींच्या सगळ्या शरीरातच एक एक्स जास्त मिटलेलं असतं. त्यासाठी शेजारचा निरोगी तुकडाही सोबत लावायचा. आणि सगळ्यांत मोठी मेख गणिताची. रंग दोनच असल्यामुळे दोन परक्या गाठींचा रंगही निम्म्या वेळा जुळणारच. एक फुफ्फुसातली आणि एक गर्भाशयातली जुळली म्हणून नाचायचं कारण नाही. सहा गाठी घेतल्या आणि सहाही जुळल्या, तर ते योगायोगाने होण्याची शक्यता ३२ मध्ये १. या मार्गाने जे अभ्यास झाले त्यांत एकाच बाईच्या फुफ्फुसातल्या अनेक गाठी, आणि जिथे गर्भाशयातली मिळाली तिथे तीही, एकाच रंगाच्या निघत गेल्या. दुसऱ्या तटाची बाजू तिथे लंगडी पडली.

दोन रंगांवर समाधान न मानणाऱ्यांनी पुढे गुणसूत्रांचे तुकडे पाहिले. २००७ साली अमेरिकेतल्या एका गटाने फुफ्फुसातल्या अशा थोड्या गाठींची गुणसूत्रं मांडली, तेव्हा १९ व्या आणि २२ व्या गुणसूत्राच्या लांब हाताचं टोक गळालेलं पुन्हा पुन्हा सापडलं. गर्भाशयातल्या फायब्रॉइडमध्ये ही जोडी अगदी थोड्यांत दिसते. यातून एक वेगळाच विचार पुढे येतो: प्रवास करू शकणारी गाठ जन्मतःच निराळी असावी. आठ बिऱ्हाडांपैकी सात कधीच वाडा सोडणार नाहीत. आठव्याच्या पायाला पहिल्यापासून भिंगरी. पुढे जनुकांचं सलग वाचन स्वस्त झालं तशा गर्भाशयातल्या आणि फुफ्फुसातल्या गाठी शेजारी ठेवून वाचल्या गेल्या आणि दोन्हीकडे तीच तुटफूट दिसली. फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे काठाला काठ जुळावेत, तसा हा पुरावा. इथे योगायोगाला फारशी जागा उरत नाही.

मेड-१२ या जनुकाची गंमत इथे सांगितलीच पाहिजे. २०११ साली हेलसिंकीच्या गटाने ८० बायकांच्या २२५ फायब्रॉइडचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ७० टक्के गाठींत या एकाच जनुकात बदल होता, आणि तोही बहुतेक वेळा एकाच जागी, ४४ व्या तीन-अक्षरी शब्दात. हे जनुकही एक्सवरच बसलेलं. दोन प्रतींपैकी एक आधीच मिटलेली, त्यामुळे चालू प्रतीत एक चूक झाली की पेशीला दुरुस्तीला दुसरी प्रत नाही. फायब्रॉइडचा दुसरा मोठा गट एचएमजीए-२ चा: १२ व्या गुणसूत्रावरचं हे जनुक गर्भावस्थेत जोरात असतं, मोठेपणी झोपतं, आणि गुणसूत्र तुटून चुकीच्या जागी जोडलं गेलं की पुन्हा जागं होतं. मेड-१२ वाल्या गाठी बहुधा लहान आणि पुष्कळ, एचएमजीए-२ वाल्या एकट्या आणि थोराड. फुफ्फुसात पोचलेल्यांत मेड-१२ चा बदल गर्भाशयातल्या मानाने कमी वेळा सापडतो. म्हणजे सगळ्यांत सर्वसामान्य फायब्रॉइड बहुधा घरातच बसतो. खिडकीपाशी उभ्या त्या आईचं म्हणणं बहुतांशी गाठींपुरतं खरंच होतं.

पहिल्या तटाचं काय झालं? ते अर्धे जिंकले. खऱ्या मारक गाठीत, म्हणजे लायोमायोसार्कोमात, पी-५३ आणि आरबी-१ सारखी राखणदार जनुकं वारंवार मोडलेली असतात. या प्रवासी गाठींत सहसा नसतात. प्रवास करणं आणि नासधूस करणं या दोन वेगळ्या कला आहेत, आणि एक आली म्हणून दुसरी येत नाही. पण साधी म्हणून सोडलेल्या काही गाठी खरंच साध्या नव्हत्या, हेही मागाहून निघालं आहे. त्याचं कारण जनुकांत कमी आणि बरणीत जास्त.

गर्भाशय बाहेर काढलं की पूर्वी, आणि अजूनही ठिकठिकाणी, सिस्टर स्टीलच्या ट्रेमध्ये घालून ते दाराशी आणते आणि नातेवाइकांना दाखवते. नवरा, दीर, कधी सासू. 'बघा, एवढी मोठी होती.' मोजमाप फळांत होतं: लिंबाएवढी, मोसंबीएवढी, नारळाएवढी. मग ती वस्तू बरणीत जाते. इथे चूक होते. नमुना टिकवणारं फॉर्मालिन त्याच्या निदान दहापट हवं आणि गाठ मध्यावर चिरून आत जायला वाट हवी. प्रत्यक्षात नारळाएवढी गाठ न चिरता, तिच्याच मापाच्या बरणीत कोंबून, वर दोन बोटं फॉर्मालिन. फॉर्मालिन आत शिरतं ते तासाला मिलिमीटरच्या हिशेबाने. बाहेरची साल शिजते, गाभा दोन दिवस कुजत राहतो. अशी गाठ टेबलावर चिरली की झोंबणाऱ्या वासाखालून दुसरा, गोडसर वास येतो आणि मधला भाग पिठूळ, गुलाबी-राखाडी दिसतो. तिथल्या पेशींची केंद्रकं पुसट झालेली असतात. आता ही गाठ शरीरात असतानाच मेलेली पेशी, जी मारकपणाची एक खूण आहे, की बरणीत कुजलेली? सांगणं अवघड. आणि तिथला डीएनए इतका तुटलेला की पुढे कधी कूळ काढायचं म्हटलं तर हाती चुरा.

चांगली जपलेली गाठ चिरली तर सुरीखाली करकरते. कापलेला पृष्ठभाग फुगून वर येतो, पांढराशुभ्र, भोवरेदार, रेशमाच्या लडी गुंडाळल्यासारखा. कुठे पिवळट, मऊ, ताज्या माशाच्या मांसासारखा भाग दिसला की तिथून जास्त तुकडे घ्यायचे. सेंटिमीटरला एक तुकडा हा जुना ठोकताळा; घाईच्या लॅबमध्ये एखाद-दोनवर भागतं. एका तुकड्याची स्लाइड म्हणजे साधारण ५ चौरस सेंटिमीटर पसरट आणि ४ मायक्रॉन जाड पापुद्रा. १० सेंटिमीटरच्या गाठीचा हा अडीच लाखावा भाग. तेवढ्यावरून 'साधी' लिहिलं जातं, आणि नवल असं की बहुतेक वेळा ते बरोबर ठरतं. त्या पापुद्र्यावर पेशींच्या वेण्या घातलेल्या दिसतात, काही उभ्या कापलेल्या, काही आडव्या; केंद्रकं खडूच्या तुकड्यासारखी, दोन्ही टोकांना बोथट. विभागणाऱ्या पेशी मोजायच्या, ४० च्या भिंगाखाली दहा क्षेत्रांत. आकसून काळ्या पडलेल्या केंद्रकाला विभागणी समजणं ही नवख्याची चूक, आणि खरी विभागणी आकसलेली म्हणून सोडून देणं ही थकलेल्याची. कडेच्या शिरांत डोकावायला विसरायचं नाही. शिरेच्या पोकळीत स्नायूची जीभ लोंबत असेल तर ती ओळ रिपोर्टात आलीच पाहिजे. दहा वर्षांनी फुफ्फुसाच्या डॉक्टरला नेमकी तीच ओळ हवी असते.

फुफ्फुसातला नमुना तर त्याहून किरकोळ. सीटीखाली १८ गेजच्या सुईने काढलेले एक-दोन धागे, जाडी जेमतेम एक मिलिमीटर. त्यातून लागोपाठ दहा-बारा पापुद्रे निघायला हवेत: डेस्मिन आणि स्मूथ मसल अॅक्टिन स्नायू ठरवायला, ईआर-पीआर, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर, गर्भाशयाचा वास घ्यायला, एचएमबी-४५ हा लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिस नावाचा दुसरा आजार वगळायला, की-६७ वाढीचा वेग पाहायला. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला नमुना, मायक्रोटोम या पापुद्रे कापणाऱ्या यंत्रावर दर वेळी नव्याने लावला तर समपातळीत आणतानाच निम्मा धागा खरवडून जातो. म्हणून पहिल्याच बैठकीत कोऱ्या स्लाइड कापून ठेवायच्या.

मॉर्सेलेटरचं नाव या गोष्टीत नेहमी येतं. दुर्बिणीतून गाठ काढताना ती पोटातच किसून पट्ट्या करणारं हे यंत्र. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, त्याविरुद्ध इशारा दिला. त्याने सांडलेले कण पोटाच्या अस्तरावर रुजतात, हे खरं. पण फुफ्फुसातल्या सगळ्या गाठींचं खापर त्यावर फोडायचं, तर १९३९ सालच्या बाईच्या पोटात ते यंत्र कुठून आलं? शिरांची वाट यंत्राआधीची आहे.

ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह आले की एक गोष्ट कळते: ही गाठ घर सोडून गेली तरी माहेरच्या बोलीत बोलते. इस्ट्रोजेन आलं की तरारते, ओसरलं की सुकते. पाळी गेल्यावर ठिपके आपोआप लहान झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पन्नाशीच्या जवळ असलेल्या, दम न लागणाऱ्या बाईला पुष्कळदा नुसतं थांबायला सांगतात. आधी काही महिन्यांनी आणि मग वर्षाने सीटी. थांबणं परवडत नसेल तर अंडाशयांना गप्प करायचं: ल्युप्रोलाइडचं ३.७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर चार आठवड्यांनी. अंगातून वाफा, झोप नाही, आणि सहा महिन्यांपलीकडे हाडांची काळजी. किंवा इस्ट्रोजेन बनणंच रोखणारी लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅमची गोळी रोज, पण अंडाशयं चालू असताना ती एकटी द्यायची नाही, कारण तीच गोळी मूल राहण्यासाठी अंडाशयं चेतवायलाही देतात. पिशवी काढताना अंडाशयं ठेवली होती का, या प्रश्नाचं वजन इथे कळतं. अंडाशयं चाळिशीत वाचवणं हाडांसाठी, हृदयासाठी योग्यच होतं. फक्त त्या निर्णयाचा एक भाडेकरू वर फुफ्फुसात राहत होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलीने खिडकीतल्या माणसाला आणखी एक विचारलं, आवाज खाली घेऊन: "मला होऊ शकतं का?" आनुवंशिक आणि जनुकीय या दोन शब्दांची मराठीत सर्रास सरमिसळ होते, त्यामुळे रिपोर्टात जनुक शब्द दिसला की लेकी घाबरतात. ही तुटफूट त्या एका स्नायूपेशीत झालेली असते, बीजांडात नाही. ती मुलीकडे उतरत नाही. फायब्रॉइड होण्याची प्रवृत्ती मात्र घराण्यात दिसते. आणि एक अपवाद लक्षात ठेवावा असा: एफएच या जनुकाचा जन्मजात दोष. त्यात विशीतच पुष्कळ आणि मोठे फायब्रॉइड, अंगावर दुखऱ्या गाठी, आणि घराण्यात मूत्रपिंडाचा कॅन्सर. तसं असेल तर गोष्ट निराळी, आणि मग मुलीचीही तपासणी हवी. खिडकीतल्या माणसाने यातलं काही सांगितलं नाही; ते त्याचं कामही नव्हतं. "डॉक्टरांना विचारा, ताई," एवढंच म्हणाला. मग त्याने रिपोर्टाच्या तळाशी टाइप केलेल्या ओळीवर बोट ठेवलं: गर्भाशयाच्या जुन्या स्लाइड व ब्लॉक तुलनेसाठी आणावेत.

ब्लॉक म्हणजे आगपेटीहून लहान प्लॅस्टिकची जाळी आणि तिच्यावर मेणात बसवलेला तुकडा. खोलीच्या तापमानाला तो दशकानुदशकं टिकतो, उंदीर, वाळवी आणि मे महिन्यातला पत्रा यांच्यापासून वाचला तर. टिकत नाही ते त्याला ठेवणारं घर. डॉक्टरांसाठीच्या २००२ सालच्या नियमावलीत दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं जपायला सांगितले आहेत. ही गाठ फुफ्फुसात सापडते ऑपरेशननंतर दहाव्या-पंधराव्या वर्षी. मधल्या काळात नर्सिंग होमवाले डॉक्टर निवृत्त होतात, बंगला पुनर्विकासाला जातो, आणि मेणाच्या खोक्यांचं काय करायचं हे बिल्डरला कळायचं कारण नाही.

आईने पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली. रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलीचा दहावीचा दाखला, कुठल्याशा पतपेढीची पावती, आणि त्यांच्या मध्ये घडीवर फाटलेलं, पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड. चौदा वर्षांपूर्वीचं, पुण्याबाहेरच्या एका छोट्या नर्सिंग होमचं. बॉलपेनची निळी शाई फिकट झाली होती तरी वाचता येत होती. निदान: फायब्रॉइड. ऑपरेशन: गर्भाशय काढले. अंडाशयांबद्दल काही नाही. बायोप्सीच्या रकान्यात आडवी रेघ, आणि तिच्याखाली: 'नमुना नातेवाइकांस दाखवला.'

"तुम्ही पाहिली होती का, काकू?"

"मी कुठली पाहतेय, मी शुद्धीवर नव्हते. ह्यांनी पाहिली होती. नारळाएवढी होती म्हणाले."

"काका आलेत का?"

"ते गेले तीन वर्षांपूर्वी."

खिडकीतल्या माणसाने पेन उचललं, फॉर्मवरच्या 'पूर्वीचा आजार' या रकान्यात सावकाश अक्षरात 'नारळाएवढी' असं लिहिलं, आणि पुढच्या लिफाफ्यावरचं नाव पुकारलं.